एक डोळा, दोन चाकं आणि चुकीच्या जागी चाललेलं भांडण

आमच्या बाईकवाल्या मंडळींत मध्यंतरी एक वाद पेटला आणि तो अजून विझायचं नाव घेत नाहीये. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर मारताना कण उडून एका पोराचा डावा डोळा गेला, उजवा ठणठणीत आहे, आणि त्याने साधं विचारलं की मी परत बाईक चालवू शकतो का. झालं, लगेच दोन पार्ट्या. एक पार्टी म्हणते अरे बाबा स्वतःच्या जिवाचं सोड, निदान दुसऱ्याचा तरी विचार कर, अर्धी नजर गेलीय तुझी, आता रिक्षाने फिर. दुसरी म्हणते काही होत नाही रे, आमच्या गावचे अमुक काका एका डोळ्यावर आयुष्यभर राजदूत चालवायचे, साधा ओरखडा नाही. मग एका डोळ्यावर टेस्ट क्रिकेट खेळलेला पतौडी निघाला, मग कुणीतरी एका डोळ्याचा महाराजा रणजितसिंग काढला, मग "तुझ्या पोरीला असा कुणी ठोकला तर चालेल का" इथपर्यंत गेलं, आणि ज्याने विचारलं होतं तो गप्प बसला कारण त्याला हवं ते कुणी बोलतच नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एका डोळ्याच्या माणसाला बाईक चालवू द्यावी, पण सरसकट नाही, तपासून, ठरावीक अटींवर, आणि डोळा गेल्यानंतर मधे काही महिने जाऊ देऊन. आणि ज्या तपासण्या त्याला लावायच्या त्यातल्या बऱ्याचशा दोन डोळेवाल्यांनाही लावाव्यात, कारण डोळे मोजणं हा नजर तपासायचा सगळ्यात आळशी प्रकार आहे आणि आपण सध्या जेमतेम तेवढंच करतोय. "बंदी घाला" म्हणणारे आणि "काही होत नाही" म्हणणारे वरवर विरुद्ध दिसतात पण दोघांनाही तपासायचं काहीच नाहीये. एकाने आधीच नापास केलंय, दुसऱ्याने आधीच पास.

आधी ते "अर्धी नजर" प्रकरण. दोन्ही डोळे उघडे ठेवून समोर बघितलं की आपल्याला आडवं साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत दिसतं. एकाच डोळ्याने बघितलं तर १५० ते १६०. कारण मधला जवळपास १२० अंशांचा भाग दोन्ही डोळे मिळून बघत असतात, तो सामाईक असतो. म्हणजे जाते ती गेलेल्या डोळ्याच्या बाजूची एक कड, तिथे नाक आडवं येतं. समोरच्या नंबरप्लेटवरचे आकडे जवळपास आधीइतकेच स्पष्ट दिसतात, एक डोळा झाकून कुणीही बघावं. तरी अर्ध्याचा हिशोब चुकला म्हणून काहीच गेलं नाही असंही नाही. प्रत्येक डोळ्यात नस जिथून मेंदूकडे निघते तिथे एक आंधळा ठिपका असतो, नजरेच्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला १५ अंशांवर. दोन डोळे असले की एकाचा ठिपका दुसरा सांभाळून घेतो, एक असला की सांभाळणारं कुणी नाही. ठिपका लहान, पण ५० मीटरवर त्यात अख्खी मोटरसायकल मावते. मान आणि डोळा फिरता ठेवला की ती क्षणात दिसते, मान ताठ ठेवून सरळ बघत राहिलं तर चौकात आडवा येणारा माणूस हवेतून उगवल्यासारखा वाटतो. "काही होत नाही" वाल्यांनी हे एकदा ऐकून घ्यावं.

दुसरा आक्षेप अंतराचा, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त खरा आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्या फरकातून मेंदू खोली काढतो. पण ही सोय हातभर अंतरावरच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगाची, सुईत दोरा ओवताना, कपात चहा ओतताना, नटावर पाना बसवताना. जसजसं लांब जाऊ तसतसा दोन चित्रांतला फरक बारीक होत जातो आणि मेंदू बाकीच्या खुणांवर जास्त चालतो. ओळखीच्या गाडीचा आकार, कोण कुणाच्या आड गेलं, रस्त्याच्या कडा लांब कुठे मिळतायत, समोरचा ट्रक किती भराभर मोठा होतोय, जवळची झाडं झपाझप मागे जातायत आणि लांबचा डोंगर सावकाश. हे सगळं एका डोळ्याला मिळतं. ५० च्या स्पीडला बाईक सेकंदाला १४ मीटर जाते, ब्रेक दाबायचा की नाही हा निर्णय पंचवीस-तीस मीटर आधी व्हावा लागतो, तिथे दोन डोळ्यांची खोली फार मोठा फरक पाडत नाही. फरक पडतो तो हळू चालवताना. ट्रॅफिकमध्ये बस आणि रिक्षाच्या फटीतून हँडल घालताना, पार्किंगमध्ये, दिवेलागणीच्या वेळी समोरचा काळा डाग म्हणजे खड्डा आहे का नुसता ओला डांबर हे ओळखताना, रंग न मारलेल्या स्पीडब्रेकरवर. गंमत अशी की घरचे लोक नेमका उलटा सल्ला देतात, "हायवेला जाऊ नकोस, गावातल्या गावात चालव". अंतराच्या बाबतीत त्याला त्रास गावातच जास्त होणार आहे. (हायवेवर चूक झाली तर ती महागात पडते हे वेगळं, ते सगळ्यांनाच लागू.)

आता विरोधकांचा सगळ्यात मजबूत मुद्दा, जो त्यांच्यातला एकही जण नीट मांडत नाही म्हणून मीच मांडतो. एकच डोळा असेल आणि त्यात किडा गेला तर? दोन डोळ्यांचा माणूस एक डोळा मिटून, पाणी गाळत का होईना, गाडी बाजूला घेतो. एका डोळ्याचा माणूस त्या दोन-तीन सेकंदांत पूर्ण आंधळा असतो आणि ५० च्या स्पीडला तीन सेकंद म्हणजे चाळीस मीटर. कारला पुढे काच असते, बाईकवर तोंडावर सगळं येतं, उसाच्या ट्रॉलीतून उडणारं पाचट, वाळूच्या डंपरमधली वाळू, पावसाळ्याच्या तोंडाला संध्याकाळी दिव्यांभोवती घोंगावणारे किडे. कार आणि बाईकमधला हा फरक खरा आहे. म्हणून माझी अट नंबर एक, पारदर्शक व्हायझर असलेलं पूर्ण तोंडाचं हेल्मेट, व्हायझर खाली, आणि हे लायसन्सवर लिहिलेलं असावं, जसं चष्म्याचं लिहिता येतं तसं. काळी व्हायझर नाही, ओरखडे पडलेली नाही, कारण समोरून हायबीम आला की ओरखड्यांवर प्रकाश पसरतो आणि दुसरा डोळा सावरायला नाही. यानेही धोका शून्य होतो का? नाही होत. पण शून्य धोक्याची अट आपण दुसऱ्या कुणाला लावतो? इन्सुलिन घेणारा मधुमेही, ज्याची शुगर गाडीवर असताना उतरू शकते, तो चालवतो. अँजिओप्लास्टी झालेला माणूस बरा झाल्यावर चालवतो. तिथे आपण म्हणतो काळजी घे, गोळ्या वेळेवर घे, डॉक्टरला दाखवत जा. एका डोळ्याच्या बाबतीत मात्र एकदम शून्याची मागणी, असं का? मला वाटतं कारण ते दिसतं. शुगर दिसत नाही, गेलेला डोळा तोंडावर दिसतो.

बाजूची कड गेली त्याचं काय? इथे कुठला डोळा गेला हे महत्त्वाचं आहे आणि वादात हा मुद्दा आलाच नाही. आपण डावीकडून चालतो, कायद्याने ओव्हरटेक उजवीकडून. उजवा डोळा गेलेल्याला मागून येऊन बाजूला आलेली एसटी उशिरा दिसणार. डावा गेलेल्याला तो त्रास कमी, पण शहरात डावीकडून घुसणारे काही कमी नाहीत, आणि डावीकडच्या गल्लीतून न बघता बाहेर पडणारी स्कूटी, रस्त्याच्या कडेचं कुत्रं, बसमधून उतरणारा माणूस हे सगळं त्याच्या हरवलेल्या कडेतूनच येणार. उपाय माहीतच आहे, दोन्ही आरसे आणि वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघणं. आणि इथे बाईकची एक सोय पण आहे, ती कुणी बोलत नाही. कारमध्ये पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूला जाड खांब असतात, त्यामागे अख्खी मोटरसायकल लपते, सीटबेल्टमध्ये माणूस फारसा वळतही नाही. बाईकवर खांब नाही, कमरेतून वळता येतं, मान मोकळी. फक्त आपल्याकडे नवीन बाईक आली की पहिल्या आठवड्यात आरसे काढून टाकायची फॅशन आहे. दोन डोळ्यांचा आणि बिनआरशांचा पोरगा जास्त बघतो का एका डोळ्याचा आणि दोन आरशांचा मान फिरवणारा माणूस जास्त बघतो? मागचं तर पहिल्याला शून्य दिसतं.

आता ते पतौडी. मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा १ जुलै १९६१ ला इंग्लंडमध्ये होव्हला झालेल्या कार अपघातात अधू झाला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते भारताकडून पहिली टेस्ट खेळले, मार्च १९६२ मध्ये २१ व्या वर्षी कॅप्टन झाले, पुढे इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ केले. हे उदाहरण देऊन लोक म्हणतात बघा, फास्ट बॉलिंग खेळू शकतो तर स्प्लेंडर काय चीज आहे. मला हा युक्तिवाद पटत नाही. पतौडी चुकले असते तर विकेट त्यांची गेली असती, रस्त्यावर चुकलात तर विकेट दुसऱ्याचीही जाते. आणि एका असामान्य माणसावरून सगळ्यांसाठी नियम कसा बांधणार? पण या उदाहरणात एक गोष्ट कामाची आहे. सुरुवातीला त्यांना एकाच्या जागी दोन बॉल दिसायचे, त्यांनी स्टान्स बदलला, टोपी ओढून घेऊन खेळून बघितलं, नेटमध्ये घाम गाळला. तसाच अमेरिकन वैमानिक विली पोस्ट. ओक्लाहोमात तेलाच्या विहिरीवर काम करताना १९२६ मध्ये डावा डोळा गेला, भरपाईच्या पैशातून पहिलं विमान घेतलं, आणि १९३३ मध्ये एकट्याने जगाला विमानातून चक्कर मारणारा पहिला माणूस ठरला, सात दिवस आणि पावणेएकोणीस तासांत. या दोघांवरून "एक डोळा पुरतो" एवढंच शिकायचं असेल तर गोष्ट अर्धीच वाचली. मेंदू एका डोळ्यावर नव्याने हिशोब करायला शिकतो, त्याला वेळ लागतो, आणि सगळ्यांचा वेळ सारखा नसतो. लहानपणापासून एक डोळा आळशी असलेल्या माणसाला कधी दोन डोळ्यांची खोली माहीतच नव्हती, त्याचा हिशोब पक्का बसलेला असतो. पंचावन्नाव्या वर्षी अचानक डोळा गेलेल्या माणसाला जिन्याची शेवटची पायरी चुकते. दोघांना एकाच फॉर्मवर एकच प्रश्न विचारून काय कळणार?

आणि एक डोळा जाणं यापेक्षा दोन डोळ्यांनी दोन-दोन दिसणं जास्त वाईट असतं, हे मोटोजीपीच्या बाईक रेस बघणाऱ्यांना सांगायला नको. रेसर मार्क मार्केझ २०११ मध्ये मलेशियात सेपांगच्या ट्रॅकवर पडला तेव्हा त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते, पण एकाच्या दोन प्रतिमा दिसायला लागल्या, ऑपरेशन करावं लागलं. २०२१ आणि २०२२ मध्ये परत तेच झालं आणि तो तितके दिवस रेसपासून बाहेर बसला. डोळे दोन, गाडी चालवणं बंद. डोळे मोजून काहीच कळत नाही याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

बाहेरच्या देशांनी हे कसं सोडवलंय ते बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये कार आणि मोटरसायकल दोन्हींना एकच निकष, २० मीटरवरून नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, नजर किमान ६/१२ पाहिजे (चांगल्या नजरेला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून तरी दिसावं) आणि आडवं दिसण्याचं क्षेत्र किमान १२० अंश. एका डोळ्याने हे जमत असेल तर लायसन्स खात्याला कळवायचीसुद्धा गरज नाही. बस-ट्रकवाल्यांना कळवावंच लागतं, तिथे नियम कडक. युरोपियन युनियनच्या नियमातही एका डोळ्याच्या माणसाला खासगी गाडी चालते, फक्त त्या डोळ्याची नजर ठरलेली हवी आणि डॉक्टरने सांगायला हवं की डोळा जाऊन पुरेसा काळ झालाय, माणसाला सवय झालीय आणि क्षेत्र पुरेसं आहे. आता आपलं बघा. लायसन्ससाठी भरायच्या आपल्या फॉर्म १ मध्ये वर्षानुवर्षे जो प्रश्न होता त्याचा मथितार्थ असा की २५ मीटरवरून नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का, आणि सवलत कुणाला, तर ज्याचं लायसन्स किमान पाच वर्षं जुनं आहे आणि डोळा त्यानंतर गेलाय, तेही खासगी हलक्या मोटारीसाठी, जिला स्टिअरिंगच्या बाजूला बाहेर आरसा आहे. म्हणजे टनभर वजनाची कार चालव, पण सव्वाशे किलोच्या स्कूटरचं नावही नाही. धडकल्यावर समोरच्याचं जास्त नुकसान कशाने होतं? आणि ज्याचा डोळा जन्मापासून नाही, ज्याला सगळ्यात जास्त सवय आहे, त्याला ही सवलत नाहीच. नियम करणाऱ्याने एका डोळ्याच्या माणसाला कधी समोर बसवून विचारलं नसणार असं वाटतं. मधल्या काळात दृष्टीचे नियम थोडे सैल झालेत, पण काउंटरवर काय होईल ते अजूनही समोर कोण बसलंय त्यावर ठरतं.

यात अजून एक वाकडेपणा आहे. अपंगत्वाच्या सरकारी मोजमापात एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के धरतात. २०१६ च्या कायद्यात आरक्षण वगैरेसाठी किमान ४० टक्के लागतात. म्हणजे नोकरीत राखीव जागा मागायला गेला तर "तू पुरेसा अपंग नाहीस" आणि लायसन्स मागायला गेला तर "तू अपंग आहेस". एकाच माणसाला एकाच सरकारने दोन खिडक्यांवर दोन उत्तरं द्यायची आणि दोन्हीकडून रिकाम्या हाताने पाठवायचं.

इथे हमखास येणारं वाक्य म्हणजे "ते लंडन आहे, हे लातूर आहे". खरंय. तिकडे रस्त्यात गाय बसलेली नसते, राँग साइडने ट्रॅक्टर येत नाही, कारखान्याच्या सीझनमध्ये सांगली-कोल्हापूरला रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडून बिनदिव्याचा ऊस चाललेला असतो तसं काही तिकडे नसतं. पण या मुद्द्यातून निघतं काय? अंधारात बिनदिव्याची ट्रॉली दोन डोळ्यांनापण दिसत नाही, डोळे उजेड तयार करत नाहीत. आणि आपले रस्ते इतके अवघड असतील की त्यांना सरासरीपेक्षा चांगली नजर लागते, तर मग ती सगळ्यांकडूनच मागा ना. रस्ता वाईट आहे याचा भुर्दंड फक्त एका डोळ्याच्या माणसाने का भरायचा?

आणि सगळ्यांकडून मागायचं म्हटलं की आपली खरी अवस्था कळते. लायसन्सचा नियम बघा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिशीपर्यंत चालतं. अठराव्या वर्षी काढलं तर बावीस वर्षं तुमच्या डोळ्यांकडे सरकार बघतच नाही. सुरुवातीला तरी काय, फॉर्मवर "दिसतं" अशी स्वतःच टिक करायची, डॉक्टरचं सर्टिफिकेट खासगी गाडीसाठी चाळिशीनंतर. मग आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही, झालं. या बावीस वर्षांत चष्म्याचा नंबर वाढतो आणि माणूस जुन्याच चष्म्यावर चालवतो, किंवा गाडीवर चष्मा हेल्मेटमध्ये दबतो म्हणून लावतच नाही. शुगरने पडदा खराब होतो. आणि काचबिंदू, हा तर सगळ्यात लबाड आजार, दुखत नाही, खुपत नाही, बाजूचं दिसणं हळूहळू खात जातो आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, त्यामुळे नंबरप्लेट फटाफट वाचता येते आणि माणसाला वाटतं माझी नजर एक नंबर. मोतीबिंदू पिकत आलेल्या माणसाला रात्री समोरच्या हेडलाइटभोवती फक्त पांढरा गोळा दिसतो. हे सगळे दोन डोळेवाले, कायदेशीर, खिशात लायसन्स. त्यांच्याबद्दल कुणी "माझ्या पोरीला ठोकला तर" म्हणत नाही.

देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरची. त्या वर्षी हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं मेली. मृत्यूंची सर्वात मोठी नोंद ओव्हरस्पीडिंगच्या खात्यावर. एका डोळ्याच्या लोकांचे अपघात जास्त होतात का यावर जगभर अभ्यास झालेत आणि त्यांचं एकमत नाही, काहींत थोडा जास्त धोका दिसतो, काहींत फरकच दिसत नाही. मी त्यावरून "धोका नाहीच" असं म्हणणार नाही. पण इतका ठळक धोका असता तर तो दारू, स्पीड आणि हेल्मेटसारखा प्रत्येक अभ्यासात उठून दिसला असता, तसा तो दिसत नाही एवढं तर मान्य कराल?

पुढचा आक्षेप व्यावहारिक आहे आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. आपल्याकडे सर्टिफिकेट विकत मिळतं, तपासून दिलं जात नाही. एजंटच्या फाइलमध्ये सही-शिक्का तयार असतो, डॉक्टरने माणूस बघितलेला नसतो. अशा ठिकाणी एका डोळ्यासाठी दार उघडलं तर उद्या दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसणाराही त्यातून आत येईल, असं म्हणतात. पण तो तर आजही आत येतोच आहे, फॉर्मवर टिक करून. उलट आज एका डोळ्याचा माणूस काय करतो? खोटं लिहितो. काउंटरवर खरं बोललं तर फाइल बाजूला पडते हे त्याला माहीत असतं. खोटं लिहिलं की ना व्हायझरची अट लागते, ना क्षेत्र तपासलं जातं, ना पाच वर्षांनी कुणी विचारतं. बंदीने तो रस्त्यावरून हटत नाही, फक्त कागदावरून हटतो. आणि कायद्यात सोय आधीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ खाली आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे माणूस चालवायला योग्य नाही असं मानायला कारण असेल तर आरटीओ लायसन्स रद्द करू शकतं किंवा आधी मेडिकल सर्टिफिकेट आण म्हणून सांगू शकतं. हे कलम डोळे मोजून वापरा असं कुठे लिहिलंय? काचबिंदूवाल्यालाही ते लागू आहे. माझ्या मते सर्टिफिकेट देणाराच डोळ्यांचा डॉक्टर हवा, क्षेत्र मोजणारी पेरिमेट्रीची टेस्ट हवी, आणि रिपोर्टवर अंश लिहिलेले हवेत, नुसतं "फिट" नाही. "फिट" विकता येतं, आकडा खोटा लिहायला जरा हात थरथरतो.

हे असं आधीही झालंय. रंगांधळ्या लोकांना लायसन्स द्यायचं म्हटल्यावर हाच आरडाओरडा होता, लाल-हिरवा कळत नाही तो सिग्नलला काय करणार. सिग्नलला लाल वर असतो आणि हिरवा खाली असतो एवढं साधं उत्तर होतं. जून २०२० मध्ये केंद्राने डॉक्टरांचा सल्ला घेऊन फॉर्म बदलले, सौम्य आणि मध्यम रंगांधळ्यांना परवानगी दिली, तीव्र असेल तर नाही. किती कमी आहे ते मोजलं आणि रेषा आखली. त्याआधी पोलिओ झालेल्या माणसाच्या स्कूटरला मागे दोन चाकं लावून देण्यावरूनही नाकं मुरडली जायची, आज प्रत्येक तालुक्याच्या गावात ती स्कूटर दिसते आणि कुणी वळून बघत नाही.

आणि हा प्रश्न कुणाचा आहे तेही बघा, कारण हौशी रायडरचा लडाख ट्रिपचा प्रश्न म्हणून बघितलं की बंदी सोपी वाटते. गावाकडे डोळा जातो कसा? उसाचं पान नाहीतर भाताची लोंबी डोळ्याला घासते, दोन दिवस कुणी लक्ष देत नाही, कुणीतरी डोळ्यात काहीतरी घालतो, बुरशी होते, फूल पडतं. विटीदांडूत विटी बसते. दिवाळीत सुतळी बॉम्ब हातात फुटतो. वेल्डिंगवर, ग्राइंडरवर गॉगल नसतो. म्हणजे डोळा जातो तो बहुतेक अंगमेहनतीच्या माणसाचा किंवा त्याच्या पोराचा, आणि त्याच माणसाला पहाटे दोन कॅन लावून डेअरीला दूध घालायचं असतं, संध्याकाळी सातनंतर वस्तीवर जाणारी एसटी नसते, रिक्षा तिथे जात नाही. त्याला "रिक्षाने फिर" सांगणारे आम्ही शहरातले. त्याची बाईक काढून घेणं म्हणजे डोळ्याबरोबर धंदा पण काढून घेणं. म्हणून तो चालवतोच, लायसन्स असो नसो.

आणि लायसन्स नसताना त्याने कुणाला ठोकलं तर? "माझ्या पोरीला ठोकलं तर" म्हणणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून साधारण रस्ता असा आहे की लायसन्समध्ये गडबड असली तरी थर्ड पार्टीला, म्हणजे ज्याला ठोकलं त्याला, कोर्ट वाऱ्यावर सोडत नाही, विमा कंपनीला आधी भरायला लावता येतं आणि ती मग गाडीमालकाकडून वसूल करते. पण त्यासाठी केस, तारखा, वर्षं. आणि वसुली कुणाकडून, तर दूध घालणाऱ्या एका डोळ्याच्या माणसाकडून, म्हणजे त्याचं घर-शेत. इन्शुरन्स बाईकचा काढलाच नसेल तर त्या पोरीला विमा कंपनीकडून काहीच नाही. तपासून, अट घालून, कागदावर घेऊन चालवू दिलेला माणूस तिच्यासाठीही जास्त सुरक्षित आहे, बंदी घातलेल्या आणि तरी चालवणाऱ्या माणसापेक्षा.

राहिली ती बाईक टॅक्सी आणि डिलिव्हरी. इथे मी विरोधकांच्या बाजूने दोन पावलं येतो. मागे पैसे देऊन बसलेला अनोळखी माणूस असेल, तर त्याने धोका निवडलेला नाही, त्याला माहीतही नाही. दहा मिनिटांत पोचवायचं म्हणून दिवसभर घड्याळाशी मारामारी असेल तर मान वळवून बघायला वेळच मिळत नाही. तिथे रेषा वर असावी, दरवर्षी तपासणी असावी, सुरुवातीची काही वर्षं खासगी चालवून दाखवावं लागावं. पण तिथेही कायमचं कुलूप नको. अमेरिकेने एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला प्रत्येक डोळ्याची वेगळी नजर मागितली होती, एका डोळ्याच्या माणसाला केंद्राकडे सूट मागायला लागायची, २०२२ मध्ये ती पद्धत बदलली आणि आता डोळ्यांच्या डॉक्टरचा रिपोर्ट, मेडिकल तपासणी आणि पहिल्यांदा रस्त्यावरची ड्रायव्हिंग टेस्ट यावर तो पात्र ठरू शकतो, पुढे दरवर्षी तपासणी. छत्तीस टनांच्या ट्रेलरला जे मोजमाप पुरतं ते आपल्या शंभर सीसीच्या गाडीला का पुरू नये, याचं उत्तर मला त्या सगळ्या वादात एकाकडूनही मिळालं नाही.